भगतसिंग थिंड : नागरिकत्वासाठी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला सैनिक

भगतसिंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाहोरच्या तुरुंगात फासावर गेलेला तरुण येतो. आम्ही आज ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते भगतसिंग वेगळे. तेही पंजाबचेच, पण त्यांची लढाई हजारो मैल दूर अमेरिकेच्या कोर्टात झाली, आणि ती एका कागदासाठी होती. मिळालेला, चार दिवसांत हिसकावलेला, पुन्हा मिळालेला, पुन्हा हिसकावलेला आणि शेवटी तिसऱ्यांदा हाती आलेला नागरिकत्वाचा दाखला. हल्ली कागदपत्रांचा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यात लोकांचे चेहरे उतरतात. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर सांगावीशी वाटते.

थिंड यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८९२ चा, अमृतसर जिल्ह्यातल्या तारागढ तलावा गावचा. घराणे शीख. शिक्षण अमृतसरच्या खालसा कॉलेजात. पुढे शिकायचे म्हणून विशीतला हा मुलगा मनिलामार्गे निघाला आणि १९१३ च्या जुलैत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएटलला उतरला. खिशात पैसा बेताचाच. त्या काळी तिथे गेलेल्या बहुतेक पंजाब्यांनी जे केले तेच त्यांनीही केले, ऑरेगॉन राज्यातल्या लाकडाच्या गिरण्यांत मजुरी धरली. उन्हाळाभर गिरणीत राबायचे आणि त्या पैशावर पुढे शिकायचे, असा हिशोब. बर्कलीच्या विद्यापीठात ते शिकले ते याच कमाईवर.

ऑरेगॉनचे अस्टोरिया हे गाव त्या दिवसांत साधे राहिले नव्हते. गदर चळवळीची पहिली बैठक १९१३ साली तिथल्याच गिरणी कामगारांत झाली. या चळवळीत आपल्या ओळखीची माणसे होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते, ज्यांना १९१५ साली लाहोरला फाशी झाली. भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह होते, ज्यांची कबर आजही कॅलिफोर्नियात साक्रामेंटोला आहे. थिंड या मंडळींच्या सहवासात होते. हिंदुस्थान स्वतंत्र झाला पाहिजे, हे त्यांनी कधी लपवले नाही. पुढे कोर्टात हीच गोष्ट त्यांच्याविरुद्ध काढली गेली.

पहिले महायुद्ध चालू होते. २२ जुलै १९१८ रोजी थिंड अमेरिकन सैन्यात भरती झाले. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईस छावणीत त्यांचे प्रशिक्षण झाले. डोक्यावरची पगडी त्यांनी उतरवली नाही. अमेरिकन सैन्यात पगडीसह नोकरी करणारा पहिला शीख म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. लष्करी गणवेश, पट्टे, वर पगडी आणि दाढी असा त्यांचा फोटो आजही पाहायला मिळतो. ८ नोव्हेंबरला त्यांना कार्यकारी सार्जंट केले गेले. तीन दिवसांनी युद्ध थांबले. डिसेंबरच्या १६ तारखेला त्यांना सन्मानाने मोकळे केले आणि वर्तणुकीच्या रकान्यात उत्तम असा शेरा मिळाला.

मोकळे होण्याआधीच, ९ डिसेंबर १९१८ रोजी, गणवेशातच असताना वॉशिंग्टन राज्यात त्यांना नागरिकत्वाचा दाखला मिळाला होता. १३ डिसेंबरला तो रद्द झाला. कारण काय, तर हा माणूस गोरा नाही.

इथे तिथला कायदा समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. अमेरिकेत १७९० सालच्या कायद्याने बाहेरून आलेल्या फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसालाच नागरिक होता येत असे. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ती मुभा मिळाली. म्हणजे दोन दरवाजे, एक गोऱ्यांचा आणि एक आफ्रिकी वंशाचा. मधल्या साऱ्या जगाचे काय? चिनी माणसाला तर १८८२ च्या कायद्याने नाव घेऊनच बंदी होती. बाकीच्यांनी, म्हणजे जपानी, अरब, आर्मेनियन, हिंदुस्थानी अशा सगळ्यांनी, कोर्टात जाऊन आपण गोरे आहोत हे सिद्ध करायचे. आणि गोरा म्हणजे कोण, हे कायद्यात कुठेच लिहिलेले नव्हते. ते ज्या त्या न्यायाधीशावर.

म्हणून निकालही तसेच यायचे. न्यूयॉर्कमध्ये भिकाजी बलसारा नावाच्या पारशी व्यापाऱ्याला दाखला मिळाला. अब्दुल्ला नावाचा एक मुसलमान होता, अफगाण आईबापांचा, जन्म कलकत्त्याचा. जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहरात त्याने अर्ज केला. न्यायाधीशांनी त्याला बाह्या वर करायला सांगितले. उन्हापासून झाकलेली हाताची कातडी चेहऱ्यापेक्षा उजळ निघाली, तिच्यातून निळ्या शिराही दिसल्या, आणि अब्दुल्ला अमेरिकन झाला. सरकारने अपील केले, पण १९१० साली तेही फेटाळले गेले. आपण हसू शकतो, पण त्या माणसाला भर कोर्टात बाह्या वर करताना काय वाटले असेल?

थिंड यांनी हार मानली नाही. ६ मे १९१९ रोजी शेजारच्या ऑरेगॉन राज्यात त्यांनी नव्याने अर्ज केला. सरकारी अधिकाऱ्याने पुन्हा हरकत घेतली, आणि या वेळी गोरेपणाच्या जोडीला गदरशी असलेला संबंधही पुढे केला. ज्याने देशासाठी गणवेश चढवला, त्याच्याच निष्ठेवर शंका. न्यायाधीश चार्ल्स वोल्व्हर्टन यांनी साक्षी ऐकल्या, थिंड यांना ओळखणाऱ्या अमेरिकन लोकांचे म्हणणे ऐकले, लष्करातला शेरा पाहिला. आपल्या देशाला स्वातंत्र्य मिळावे असे वाटणे आणि अमेरिकेशी बेइमान असणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्यांनी मान्य केले. १८ नोव्हेंबर १९२० रोजी थिंड दुसऱ्यांदा अमेरिकन नागरिक झाले.

पण सरकारने पिच्छा सोडला नाही. दाखला रद्द करावा म्हणून सरकारने स्वतंत्र दावा लावला. खालच्या कोर्टात तो फेटाळला गेला, तेव्हा प्रकरण सर्किट कोर्टात गेले. त्या कोर्टाने स्वतः निकाल न देता दोन प्रश्न सुप्रीम कोर्टाकडे पाठवले. पहिला प्रश्न असा की पंजाबात अमृतसरला जन्मलेला, पूर्ण हिंदुस्थानी रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू हा कायद्याच्या अर्थाने गोरा आहे का? दुसरा, आशियातून येण्यावर बंदी घालणारा १९१७ चा कायदा आधीच रीतसर आलेल्यांच्याही आड येतो का?

यातला हिंदू हा शब्द वाचून वाचक चमकतील. थिंड तर शीख होते. पण त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक माणूस हिंदूच. शीख हिंदू, पठाण हिंदू, होशियारपूर-जालंधरकडचा मुसलमान शेतकरीही हिंदूच. कुणी स्वतःला काय म्हणवतो हे कुणी विचारलेच नाही.

याच सुमारास दुसरा एक खटला सुप्रीम कोर्टात होता. ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ वीस वर्षे अमेरिकेत राहिलेले, मुले तिथल्याच शाळेत, घरात इंग्रजी. त्यांचे म्हणणे होते की माझी कातडी कित्येक युरोपियनांपेक्षा गोरी आहे. १३ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकाल लिहिला की कातडीच्या रंगावर हे ठरत नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस त्या वंशाचा नाही. ओझावा हरले. पण थिंड यांच्या गोटात आशा वाढली. कारण त्या वेळच्या वंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना सर्रास कॉकेशियन आणि आर्य म्हटलेले होते. कोर्टाने मोजपट्टी दिली होती आणि त्या मोजपट्टीत थिंड बसत होते.

थिंड यांच्या बाजूने काम पाहणाऱ्यांत सखाराम गणेश पंडित हे वकील होते. हे नाव वाचताच मराठी माणसाचे कान टवकारतात. पंडित १९०६ च्या सुमारास अमेरिकेत गेले, १९१४ ला नागरिक झाले, १९१७ पासून कॅलिफोर्नियात वकिली करत होते. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊच.

आता या खटल्यातला सर्वांत अवघड भाग. थिंड यांच्या बाजूने मांडले गेलेले म्हणणे असे होते की मी आर्य आहे, उच्च जातीचा आहे, जातीच्या कडक नियमांमुळे आमच्या रक्तात खालच्यांची भेसळ झालेली नाही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. उच्च जातीचा हिंदू इथल्या मूळ रहिवाशांकडे लग्नाच्या बाबतीत ज्या नजरेने पाहतो, ती अमेरिकन गोऱ्याच्या काळ्या माणसाकडे पाहण्याच्या नजरेसारखीच आहे, असाही दाखला त्यात दिला गेला. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखाच भेदभाव करतो, तेव्हा आम्हाला तुमच्यात घ्या! ज्या शीख पंथाच्या लंगरात सगळे एका पंगतीत बसतात, त्या पंथातल्या माणसासाठी हे लिहिले गेले. आम्हाला हे वाचताना त्रास होतो, आणि तो वाचकांनाही व्हावा. वकिलाला कायद्याच्या चौकटीतच बोलावे लागते, हे खरे. चौकटच गोऱ्याकाळ्याची होती, तेव्हा दुसरे काय बोलणार, असे कुणी म्हणेल. तरी आमच्या मते हा युक्तिवाद चुकीचाच होता. अन्यायाचा नियम तसाच राहू द्या, फक्त मला त्यातून वगळा, असे त्याचे सार होते. आपल्याकडेही अश्रफ आणि अजलाफ, सय्यद आणि पिंजारी-कसाई-बागवान असे घराण्यांचे मोजमाप लग्नाच्या बैठकीत होतेच की. तेव्हा थिंड यांच्याकडे बोट दाखवताना जरा जपून.

आणि जात सांगून मिळाले काय? ११ आणि १२ जानेवारी १९२३ ला सुनावणी झाली. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल आला, एकमताने, आणि लिहिणारे पुन्हा तेच न्यायमूर्ती सदरलँड. तीन महिन्यांपूर्वी ज्यांनी कॉकेशियन वंशाची कसोटी सांगितली, त्यांनीच आता सांगितले की शास्त्रज्ञ काय म्हणतात त्याला महत्त्व नाही. कायद्यातला गोरा हा शब्द रस्त्यावरच्या सामान्य माणसाच्या समजुतीने वाचायचा. आणि कुठलाही सामान्य अमेरिकन माणूस हिंदुस्थान्याला गोरा म्हणणार नाही. फार जुन्या काळी एक पूर्वज असेलही, पण आज फरक उघड दिसतो, आणि हे लोक आमच्यात मिसळून जाणार नाहीत, असा त्यांचा सूर. काँग्रेसने १९१७ साली हिंदुस्थानातून येणेच बंद केले आहे, मग जे येऊच नयेत असे वाटते त्यांना नागरिक तरी कसे करायचे, हाही दाखला दिला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आल्यावर दुसऱ्याचे उत्तर देण्याची गरज उरली नाही.

ओझावा रंगाने गोरे पण वंशाने नाही म्हणून बाहेर. थिंड वंशाने बसतात पण दिसायला नाही म्हणून बाहेर. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की कळते, मोजपट्टी माणूस पाहून बदलत होती. हे सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले. स्थलांतरितच. त्यांना कधी गोरेपणा सिद्ध करावा लागला नव्हता.

या निकालाचा मार एकट्या थिंड यांच्यावर पडला असता तर गोष्ट वेगळी होती. पण सरकारने आता आधी नागरिक झालेल्या हिंदुस्थान्यांचे दाखलेही मागे घ्यायला सुरुवात केली. पुढच्या चारेक वर्षांत पन्नासहून अधिक लोकांचे नागरिकत्व गेले. नागरिकत्व गेले की कॅलिफोर्नियात जमीनही जाई, कारण तिथला कायदा असा होता की जो नागरिक होऊ शकत नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही. अशा माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकन स्त्रीचेही नागरिकत्व जाई. कित्येक पंजाबी शेतकऱ्यांनी, त्यात मुसलमानही आले, ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर जमीन ठेवली. त्याची नियत फिरली की सगळे संपले.

डेट्रॉइटमध्ये जॉन मोहम्मद अली नावाचे एक पंजाबी मुसलमान १९२१ ला नागरिक झाले होते. त्यांच्यावर दावा आला तेव्हा त्यांनी सांगितले की मी हिंदू नाही, मुसलमान आहे, माझे पूर्वज अरबस्तानातून हिंदुस्थानात आले. आपल्याकडे हे ऐकलेले वाटते ना! न्यायाधीश टटल यांनी १९२५ साली ते फेटाळले. तेच टटल १९४२ साली अहमद हसन या येमेनी माणसाच्या अर्जावर बसले होते. खऱ्याखुऱ्या अरबालाही त्यांनी नकार दिला, आणि त्यात मुसलमानांची तहजीब ख्रिस्ती युरोपपेक्षा फार वेगळी आहे असेही कारण जोडले. दोन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समध्ये मोहम्मद मोहरीझ या दुसऱ्या अरबाला मात्र न्यायाधीश वायझान्स्की यांनी गोरा मानून नागरिकत्व दिले. कायदा तोच.

सॅन फ्रान्सिस्कोत वैष्णो दास बगाई दुकान चालवत. पेशावरचे. बायकोमुलांसह १९१५ ला आले, घर घेतले, नागरिक झाले. थिंड निकालानंतर त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. मायदेशी भेटीला जायचे तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असे त्यांना सांगण्यात आले, आणि ज्या राज्याविरुद्ध आयुष्यभर मन होते त्याचा पासपोर्ट घ्यायला ते तयार नव्हते. मार्च १९२८ मध्ये सॅन होजे इथे भाड्याच्या खोलीत गॅस सोडून त्यांनी जीव दिला. जाताना वर्तमानपत्रासाठी चिठ्ठी लिहून ठेवली. आपल्या मजहबात खुदकुशी हराम आहे. पण एका सुखवस्तू, तीन मुलांच्या बापाला तिथवर ढकलले कुणी, हा प्रश्न राहतोच.

आता सखाराम पंडित. सरकारने त्यांच्यावरही दावा लावला. थिंड यांचाच वकील, आता स्वतः प्रतिवादी. पंडितांनी या वेळी गोरा-काळा, आर्य-अनार्य यातले काही काढले नाही. त्यांनी विचारले की १९१४ साली कोर्टाने पूर्ण तपासून मला दाखला दिला, तेव्हा सरकारला हरकत घ्यायची, अपील करायची पूर्ण संधी होती. तेव्हा गप्प बसलात. त्या दाखल्याच्या भरवशावर मी वकील झालो, लग्न केले, घरदार उभे केले, माझा जुना देश सोडला. आता अंतिम झालेला निकाल तुम्ही पुन्हा कसा उकरून काढता? एकदा सक्षम कोर्टाने निकाली काढलेली बाब त्याच पक्षांत पुन्हा चालवता येत नाही, हे तत्त्व आपल्या दिवाणी कायद्यातही आहे. खालच्या कोर्टात पंडित जिंकले, १९२६ ला अपिलातही जिंकले, आणि १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर सरकारने अशी बाकीची प्रकरणे सोडून दिली. जे उच्च कुळाच्या दाव्याने साधले नाही, ते कार्यपद्धतीच्या साध्या मुद्द्याने साधले. आम्ही कायद्याचे विद्यार्थी असलेल्या आपल्या मुलांना हा खटला मुद्दाम वाचायला सांगतो. अर्थात ज्यांचे दाखले आधीच गेले होते त्यांना याचा उपयोग झाला नाही. थिंड यांनाही नाही.

थिंड मात्र अमेरिकेतच राहिले. देशाशिवायचा माणूस म्हणून तेरा वर्षे. या काळात ते गावोगाव हिंडून अध्यात्मावर व्याख्याने देत. गुरुबाणी, वेद, बायबल, कबीर आणि अमेरिकेचेच इमर्सन, थोरो, व्हिटमन, असे सगळे त्यांच्या बोलण्यात येई. ऐकायला येणारे बहुतेक गोरे अमेरिकन. कोर्टाने म्हटले होते की हे लोक आमच्यात मिसळणार नाहीत, आणि इकडे हा पगडीवाला त्यांच्याच सभागृहांत बसून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत होता.

१९३५ साली काँग्रेसने कायदा केला की पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात काम केलेल्या आशियाई माणसाला वंश न पाहता नागरिक होता येईल. थिंड यांनी तिसऱ्यांदा अर्ज केला आणि १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये दाखला हातात पडला. पहिल्या दाखल्यापासून जवळजवळ अठरा वर्षांनी. तोही गोरे म्हणून नव्हे, सैनिक म्हणून. बाकी हिंदुस्थान्यांना आणखी दहा वर्षे थांबावे लागले. ॲरिझोनातले शेतकरी मुबारक अली खान, न्यूयॉर्कचे जे. जे. सिंग अशा लोकांनी वॉशिंग्टनला खेटे घातले, तेव्हा २ जुलै १९४६ ला कायदा झाला. हिंदुस्थान्यांना नागरिक होण्याची परवानगी मिळाली आणि वर्षाला शंभर माणसांना येण्याची. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५६ ला, दलिपसिंग सौंद हे पंजाबी शेतकरी अमेरिकन काँग्रेसवर निवडूनही आले. वंशाची अट पूर्णपणे उठली ती १९५२ साली. १९२३ चा निकाल सुप्रीम कोर्टाने स्वतः कधी फिरवला नाही, कायदाच बदलल्यामुळे तो मागे पडला.

थिंड यांनी १९४० मध्ये व्हिव्हियन डेव्हिस यांच्याशी लग्न केले. पुस्तके लिहिली, व्याख्याने अखेरपर्यंत चालू ठेवली. १५ सप्टेंबर १९६७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या हातात नागरिकत्वाचा तिसरा दाखला येऊन एकतीस वर्षे झाली होती.